तळाचा बर्फ

मी पेटीवर बसले तेव्हा दुकानदारानं तोंडाचा चंबू केला.

"बाई, ती बसायला नाही. बर्फासाठी आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर बसले. झाकण वाकतंय का बघते."

झाकण वाकलं. मी उठले आणि दुसऱ्या पेटीवर बसले. शिरीष हसू दाबत होते. त्यांची मुलगी गार्गी, तेव्हा तेरा वर्षांची, दुकानाच्या दारात पाठ करून उभी होती. जणू आम्ही तिचे कुणी नव्हतोच.

लग्नाला आमच्या अडीच महिने झाले होते. शिरीषचं दुसरं, माझं पहिलं, तेही छत्तिसाव्या वर्षी. पहिली बायको नीलिमा आजारानं गेली, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. त्या दोन वर्षांत शिरीष ओट्यापाशी उभ्यानं जेवायचे, हे मला त्यांच्या बहिणीनं लग्नाआधीच सांगितलं होतं. नीलिमा असताना हे तिघं दर दुसऱ्या शनिवारी तंबू घेऊन भोरच्या बाजूला धरणाच्या काठी मुक्कामाला जायचे. ती गेली आणि ते थांबलं. आता शिरीषना ते परत सुरू करायचं होतं.

"गार्गी हो म्हणालीय, हेच खूप झालं," ते मला आदल्या दिवशी म्हणाले होते. "ही एक ट्रिप नीट झाली ना हेमा, की पुढचं सगळं आपोआप होईल."

पुढचं सगळं म्हणजे काय ते मला बरोबर कळलं होतं. गार्गी मला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. मावशी म्हण, असं शिरीषनी तिला सांगून बघितलं होतं. ती "ऐका ना" म्हणायची. मी स्वयंपाकघरात आले की बाहेर जायची, भांडण न करता, शेजाऱ्यांच्या घरातून निघावं तशी. मला त्या घरात जागा हवी होती. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

"हिच्या झाकणात पेले ठेवायला खळगे आहेत बघा," दुकानदार म्हणाला. "चाकं आहेत. वर ताटली आहे, सुटं सामान ठेवायला. लोक हीच नेतात."

"खळगे आहेत तिथं झाकण पातळ झालं. तिथूनच गरमी आत जाणार. आणि ताटलीनं वरची वीतभर जागा खाल्ली. तो एक कागद द्या."

त्यानं बिलाचा कागद दिला. मी तो पेटीच्या ओठावर ठेवून झाकण लावलं आणि ओढला. सुळकन बाहेर आला. तिसऱ्या, निळ्या पेटीत कागद अडकून फाटला. तळाला पाणी सोडायचं बूच होतं, भिंती चार बोटं जाड. आत नुसती पोकळ पेटी, ताटली-बिटली काही नाही.

"ही द्या," मी म्हटलं.

"यांना कुणी फसवू शकत नाही," शिरीष दुकानदाराला म्हणाले. "हर्णैच्या आहेत. बर्फातच वाढल्यात."

खोटं नव्हतं ते. आई लिलावातून मासळी उचलायची आणि बाबा पेट्या भरून पुण्याच्या गाडीवर चढवायचे. सहाव्या वर्षापासून मी त्यांच्या हाताखाली बर्फ फोडला. पुढे शिकले, विम्याच्या कचेरीत लागले, पण बोटांना ते काम आठवत होतं.

गार्गी दारातून पहिल्यांदाच बोलली, बापाशी. "आपल्याकडे आहे की लाल पेटी."

"तिची कडी तुटलीय ना गं."

"आपण पट्टा बांधतो की."

मी माझ्या परीनं समजुतीनं म्हटलं, "त्यात बर्फ टिकत नसणार बाळा. कडी गेली की झाकणात फट राहते." ती माझ्याकडे बघत राहिली. ती पेटी तिच्या आईची होती, हे मला समजायला हवं होतं. समजलंही होतं. पण चांगली पेटी समोर असताना वाईट पेटी उचलणं माझ्यानं होत नाही.

शुक्रवारी सकाळीच मी फ्रीजमधला होता नव्हता तो बर्फ त्या पेटीत टाकून झाकण लावून ठेवलं. पेटी आधी निववून घ्यावी लागते. गरम पेटीत घातलेला बर्फ पेटीला गार करण्यातच संपतो. मोठ्या बाटल्यांत पाणी गोठवायला ठेवलं. शनिवारी उजाडता उजाडता शिरीषना मासळी बाजाराजवळच्या बर्फवाल्याकडे पिटाळलं. "चुरा नको, लादी आणा. गोणपाटात गुंडाळून." ते अर्धी लादी घेऊन आले, पँट पुढून भिजलेली. नोकरदार माणूस, कारखान्यात इंजिनिअर, पण त्या सकाळी शाळकरी पोरासारखा खुश होता.

स्वयंपाकघराच्या मध्यावर पेटी ठेवून मी भरायला बसले. मांडीवर जुना टॉवेल, हातात बर्फ फोडायचा टोच्या. दारात गार्गी येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच मी असताना ती आत आली होती. मी मान वर केली नाही, बुजलेल्या मांजराकडे बघत नाहीत तशी.

"तळ आधी भरायचा," मी बर्फाशी बोलल्यासारखं बोलत होते. "आमचे बाबा सांगायचे, तळ नीट भर, वरचं आपोआप टिकतं. मोठे तुकडे खाली. उद्याचं सामान त्याच्यावर. आजचं सगळ्यात वर, म्हणजे उकरत बसायला नको. फटी राहिल्या तिथं वर्तमानपत्राचे बोळे. आणि पिण्याच्या पाण्यासाठी ही पेटी उघडायची नाही, त्याला ती थर्माकोलची वेगळी."

"मीठ कशाला?"

मी जाड्या मिठाच्या दोन मुठी तळाच्या बर्फावर टाकत होते.

"लांबच्या गाडीला बाबा टाकायचे. मिठानं बर्फ चावरा होतो. कोळंबी अशी कडक राहते की ठोकली तर वाजेल."

"एप्रिलमध्येपण?"

"एप्रिलमध्येच. थंडीत कोण घालतंय!"

तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मला तेवढं पुरलं. मसाला लावलेलं चिकन, दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचा डबा, पन्ह्याची बाटली, काकड्या, सगळं एकेक तिच्याच हातून मागून घेतलं. मग तिनं एक पांढरी डबी पुढं केली. पिवळ्या रुमालात गुंडाळलेली होती.

गार्गीला लहानपणापासून साखरेचा आजार होता. म्हाताऱ्यांना होतो तो नाही, मुलांना होतो तो, ज्यात इन्सुलिन घेतल्याशिवाय दिवस निघत नाही. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी सुई. त्या डबीत तिची इन्सुलिनची बाटली होती. घरी ती फ्रीजच्या दारात असायची आणि ती फक्त गार्गी काढायची. आज ती माझ्या हातात देत होती.

"आई वरच्या ताटलीत ठेवायची," ती म्हणाली. "बर्फाला टेकू द्यायची नाही."

"याला ताटली नाही. आणि वर ठेवली तर दर खेपेला झाकण उघडलं की गरम वारा लागणार. बाहेर आग ओततंय. आपण खाली ठेवू, एकदम तळाला. त्याहून सुरक्षित जागा नाही पेटीत."

"ती रुमालात गुंडाळायची."

"रुमाल भिजून चिंब होईल गं."

मी रुमाल सोडवून तिच्या हातात परत दिला आणि डबी हात कोपरापर्यंत घालून तळाच्या लाद्यांमध्ये बसवली. दोन मोठ्या तुकड्यांच्या मधोमध, मीठ होतं तिथं. पेटीतली सगळ्यात चांगली जागा मी तिला दिली होती. त्या पोरीनं रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

धरणाच्या काठी पोचलो तेव्हा बारा वाजले होते. पाणी खूप आत गेलेलं, मातीला भेगा. एका मोठ्या आंब्याखाली शिरीषनी तंबू ठोकला. नीलिमाच्या वेळची जागा हीच असणार, कारण त्यांना खुंट्या कुठं मारायच्या ते विचार न करता कळत होतं. मी पेटी सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाकलं. दुपारी पन्हं काढलं तर बाटलीला हात चिकटत होता.

संध्याकाळी गार्गीच्या सुईची वेळ झाली. शिरीष पेटीशी आले, झाकण उघडून बघितलं आणि जोरात हसले.

"अगं, लादीचा कोपरासुद्धा हलला नाहीये! नीलिमाच्या पेटीत या वेळेपर्यंत पाण्यात दुधाच्या पिशव्या पोहायला लागायच्या."

गार्गी चार पावलांवर लाकडं गोळा करत होती. तिनं ऐकलं. मी तिच्यासाठी वाईट वाटून घ्यायला हवं होतं, पण खरं सांगते, मला सुख झालं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा कुठल्यातरी गोष्टीत मी नीलिमाच्या वरचढ ठरले होते.

शिरीष चुलीकडे वळले आणि मी हात आत घातला. डबी दोन तुकड्यांत रुतून बसली होती. टोच्यानं सोडवली. उघडली. बाटली हातात घेतली तर दगड. हलवली, आतलं हललं नाही.

मी तिकडं पाठ केली. बाटली दोन्ही तळव्यांत धरून चोळली, फुंकर घातली, पदरात धरली. 

"सापडली का गं?" शिरीषनी विचारलं.

"सापडली. जरा खाली गेली होती."

हळूहळू ते वितळलं. ते औषध मुळातच दुधासारखं पांढरट असायचं, त्यात आता बारीक कण तरंगत होते. मी तळव्यात घोळवली, घोळवली, कण कमी झाले. मासा गोठतो आणि वितळला की परत मासाच असतो, असं मी मनाशी म्हटलं. याहून जास्त विचार केला नाही. शिरीषना विचारता आलं असतं. पण आत्ताच ते ज्या पेटीवर हसले होते, तिनंच औषध गोठवलं, हे सांगायला तोंड उघडेना.

"गार आहे," बाटली हातात घेत गार्गी म्हणाली.

"मग बरंच की."

तिनं बाटली तंबूतल्या दिव्यापाशी धरून बघितली. मग माझ्याकडे बघितलं. आणि तंबूची चेन लावून घेतली.

जेवण झकास झालं. ती चक्क माझ्या शेजारी बसली. बर्फाची लादी कशी बनवतात, म्हणून विचारलं. मी तिला हर्णैच्या कारखान्याबद्दल सांगितलं, मिठाच्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे उभे डबे सोडतात ते. "म्हणजे मिठाचं पाणी गोठत नाही, पण डब्यातलं गोठतं?" तिनं विचारलं. "हो," मी म्हटलं. हुशार होती पोरगी. उत्तर मिळाल्यावर ती बराच वेळ निखाऱ्यांकडे बघत बसली आणि पाण्याची आख्खी बाटली पिऊन झोपायला गेली.

रविवारी सकाळी ती आणखी दोन बाटल्या प्यायली. ऊन आहे, पिणारच, असं आम्हाला वाटलं. सुई तिनं तंबूत घेतली. दहाच्या सुमाराला पोटात दुखतंय म्हणाली आणि आंब्याच्या बुंध्याशी जाऊन ओकली. मग परत ओकली. शिरीषनी तिच्या बोटाचं रक्त काढून मीटरला लावलं. मीटरला मोजता येतं त्याच्या पलीकडं साखर गेली होती.

"काल घेतलंस का?"

"घेतलं."

"आज?"

"घेतलं ना बाबा."

"खरं सांग गार्गी."

आमच्या लग्नाच्या आठवड्यात तिनं दोनदा सुई चुकवली होती. औषध बेसिनमध्ये ओतलं आणि घेतलं म्हणून सांगितलं होतं. म्हणून त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं त्याच बाटलीतून तिला सुई टोचली, बाटली पेटीत टाकली आणि आम्ही तंबू तसाच मागे टाकून निघालो. बर्फाची पेटी तेवढी गाडीत आली, कारण ती मी उचलली होती. का उचलली, सांगता येणार नाही.

मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वास धापा टाकल्यासारखा, खोल, आणि त्याला अतिपिकल्या फळाचा वास. मी पेटीतला बर्फ फडक्यात घेऊन तिच्या कपाळावर धरला होता. माझी बोटं बधिर झाली, मग हात, मग बाकीची मीच. शिरीष पुढून सारखं विचारत होते, "बोलतेय का? बोलतेय ना?" मी "हो" म्हणत होते. ती बोलत नव्हती.

पुण्यात हॉस्पिटलमध्ये तिला आत नेलं आणि सलाइन लावलं. तासाभरानं एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"वेळेवर आणलंत. पण चोवीस तास काळजीचे आहेत. डोस चुकले होते का?"

"ती म्हणते, घेतले," शिरीष म्हणाले. "निघताना मी एक दिलासुद्धा."

"इतकं वर गेल्यावर त्या एकानं काही होत नाही. बाटली उन्हात राहिली होती का?"

"छे, बर्फाच्या पेटीत होती. एकदम गार."

"गार ठीक आहे. गोठली नव्हती ना? एकदा गोठलं की ते इन्सुलिन गेलं. वितळलं तरी नुसतं पाणी टोचल्यासारखं."

शिरीष माझ्याकडे वळले. "हेमा, गोठली नव्हती ना?"

त्या जागी एक पांढरा बाक होता आणि बाकाखाली कुणाची तरी चप्पल पडली होती. एकच. मी त्या चपलेकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं.

"मग डोस चुकलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

एवढंच झालं. मला रडू आलं नाही, पायाखालची जमीन सरकली नाही, काही नाही. मी शिरीषसाठी चहा आणायला गेले आणि त्यात साखर कमी सांगायची आठवणही ठेवली.

सोमवारी सकाळी शिरीष अंघोळीला घरी जाऊन आले. "पेटी धुऊन ठेवली," ते म्हणाले, "आणि ती बाटली टाकून दिली. उगाच परत वापरायला नको." मी मान हलवली. मनातून सुटल्यासारखं झालं होतं.

दुपारी गार्गी पूर्ण शुद्धीवर आली. तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले. शिरीष तिच्या उशाशी बसले, कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाले, "रागावत नाही. फक्त खरं सांग. घेतलं नव्हतंस ना?"

तिनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, लोखंडी कठडा धरून.

"नाही घेतलं बाबा," ती म्हणाली.

रागावत नाही म्हणाले होते, पण रागावले. आवाज न चढवता, जास्त वाईट. आई असती तर काय वाटलं असतं तिला, असंही म्हणाले. मग औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेले. खोलीत आम्ही दोघी राहिलो.

"तू घेतलं होतंस," मी म्हटलं.

"हो."

"मग?"

"ते कणीदार झालं होतं. मी बघितलं."

"बघितलंस, तर घेतलंस कशाला?"

"तुम्ही दिलंत म्हणून."

माझ्या हातातला कठडा गार होता, तेवढंच मला जाणवत होतं.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "आत्ता वर आले की सांगते."

"नको." तिनं डोळे मिटून घेतले होते, बोलायला दम लागत होता. "माझ्यावर ते चार दिवस रागावतात. मग विसरतात. तुमच्यावर किती दिवस रागावतात ते मला माहीत नाही. तुम्ही गेलात तर ते परत ओट्यापाशी उभ्यानं जेवायला लागतील."

"गार्गी..."

"आता मी म्हटलंय ना. राहू दे, मावशी."

ती हाक मला तिच्याकडून हवी होती, अडीच महिने हवी होती. ती अशी मिळाली. शिरीष औषधं घेऊन वर आले, मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि गप्प राहिले. वाईट वाटलं असेल, पण सगळ्यात आधी वाटलं ते हायसं. ते मी लपवणार नाही.

चार दिवसांचं मात्र तिचं गणित चुकलं. घरी आल्यावर शिरीषनी नियम केला: सकाळची सुई सातला, संध्याकाळची आठला, त्यांच्या समोर, स्वयंपाकघरात. मी पोळ्या लाटत असायची. ते ओट्याला टेकून उभे राहायचे. गार्गी फ्रीजमधून बाटली काढायची, सुई भरायची, त्यांना दाखवायची. "घे," ते म्हणायचे. ती टॉप जरासा वर करून पोटाला टोचून घ्यायची आणि रिकामी सुई त्यांना दाखवायची. शाळेची सहल असो, मैत्रिणीचा वाढदिवस असो, आठच्या आत घरी. एकदा शेजारच्या काकूंसमोर झालं. तिचे कान लाल झाले होते. मी पोळी उलटली.

ट्रिपा सुरू झाल्या, दर दुसऱ्या शनिवारी. निळी पेटी यायचीच. पण पुढच्याच खेपेला मी टोच्या उचलला तर शिरीष म्हणाले, "पेटी मी भरतो. तू नुसतं सांग." मला वाटलं, कौतुकानं म्हणतायत. इन्सुलिन ते स्वतःच्या थर्मासमध्ये न्यायचे, पिवळ्या रुमालात गुंडाळून. मी सांगायची आणि ते भरायचे. मीठ घाला असं मी कधी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

गार्गी माझ्याशी चांगली वागायची. डबा खायची, केसांना तेल लावून घ्यायची, बारावीच्या निकालाला पहिली मिठी मला मारली. लोक म्हणायचे, नशीब काढलंस, सावत्र आहे असं वाटत नाही. मी हसायची. कुणी घड्याळाकडे बघितलं की मात्र मला आठ वाजायच्या आत कुठंतरी जावंसं वाटायचं.

पाच वर्षांनी तिला कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. जायच्या आदल्या दुपारी ती मैत्रिणींना भेटायला गेली होती. शिरीष जेवणाच्या टेबलाशी बसून तिचा थर्मास पुसत होते. मी तिचे कपडे इस्त्री करत होते आणि मला एकदम वाटलं, आता ती त्यांच्या समोर नसणार, आता सांगायला हरकत नाही. कितीही वाईट वेळ निवडली तरी कधीतरी निवडायचीच होती. इस्त्री उभी करून ठेवली आणि सांगितलं. पेटी, मीठ, तळ, दगड झालेली बाटली, हॉस्पिटलमधलं ते "नाही."

शिरीष थर्मास पुसत राहिले.

"माहीत आहे," ते म्हणाले.

मी इस्त्रीची वायर हातात धरून उभी होते.

"त्या सोमवारी मी पेटी धुतली ना. बुचाजवळ मीठ सुकून पांढरं बसलं होतं. बाटली उजेडात धरली, तर काचेला आतून कण चिकटलेले. मीठ घातलेला बर्फ शून्याच्या खाली जातो हेमा. आठवीच्या पुस्तकात असतं ते."

"म्हणजे गार्गी शुद्धीवर आली त्याच्या आधीच?"

"हो."

"तरी तिला विचारलंत? तरी रागावलात?"

"तू मध्ये बोलशील म्हणून." त्यांनी थर्मासचं झाकण लावलं, परत काढलं. "नंतर रोज आठला उभा राहायचो तेसुद्धा. तिच्या खोलीत घेऊ दिली असती की तिला सुई. पण तुला दिसायला हवी होती. वाटलं, आठवडाभरात बोलशील. मग वाटलं, दिवाळीपर्यंत."

"आणि मग?"

"मग मला भीती वाटायला लागली, की तू खरंच बोलशील. तू बोललीस की मला सांगावं लागलं असतं, मलाही माहीत होतं म्हणून. ते तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?"

तेही मला गमवायला तयार नव्हते आणि मीही त्यांना. किंमत कोण देत होतं ते दोघांनाही दिसत होतं, रोज, सकाळी सातला आणि संध्याकाळी आठला. आम्ही भांडलो नाही. मी इस्त्री परत हातात घेतली, ती गार झाली होती, बटण लावून तापायची वाट बघत बसले. त्या दिवशी आठ वाजता ते ओट्यापाशी आले आणि गार्गीनं नेहमीसारखी सुई दाखवली. "घे," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापरा झाला होता. तिला वाटलं, उद्या जाणार म्हणून. तिनं त्यांच्या गालाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी स्वारगेटला शिरीष तिची बॅग एस.टी.च्या डिकीत ठेवायला गेले. गार्गीनं मला जरा बाजूला घेतलं. खांद्याला थर्मास होता, हातात तो पिवळा रुमाल.

"मावशी, एक ऐकशील? आता मी इथं नाही म्हणून बाबांना काही सांगू नकोस हं. त्या पेटीचं." ती माझ्या पदराचं टोक सारखं करत होती. "इतकी वर्षं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हे त्यांना कळलं तर त्यांना सहन होणार नाही."

शिरीष पाण्याची बाटली घेऊन आमच्याकडे येत होते.

"नाही सांगत," मी म्हटलं.

ती हसली. बापाच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, आठला रोज फोन करीन. घेतलं म्हणून सांगायला."

"कर," शिरीष म्हणाले.

शिरीष जाऊन आता तीन वर्षं झाली. गार्गी स्वतःच्या संसारात आहे, पस्तीस कोसांवर, तिच्या पोटावर आता सुईऐवजी कसलंसं यंत्र लावलेलं असतं, ते आपलं आपण औषध सोडतं. निळी पेटी तिच्याकडेच आहे. फोन मात्र चुकत नाही. आठ वाजता वाजतो, मी पोळपाट बाजूला सारून उचलते.

"घेतलं," ती म्हणते.

"बरं," मी म्हणते.